दडलेला धातू आणि मुके जनुक

गोव्यातील माडाची सूर मडक्यात काही आठवडे तशीच राहू दिली, म्हणजे तिची मादकता हळूहळू ओसरून तिच्या जागी कडक आंबटपणा येतो, आणि मडक्याचे तोंड उघडून आत डोकावणाऱ्यास पृष्ठभागावर दुधावरच्या सायीसारखा, पण सायीहून चिवट असा एक पापुद्रा तरंगताना दिसतो. शिरका करणाऱ्या लोकांना हा पापुद्रा पूर्वापार ठाऊक होता. फ्रेंच लोक तर त्याला 'शिरक्याची आई' असेच म्हणत. परंतु ही आई खरोखर सजीव आहे, की तो नुसता गाळ आहे, या प्रश्नाचा निकाल लागण्यास एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. प्लॅटिनमच्या काळ्या भुकटीवर मद्यार्काची वाफ सोडली असता तिचे ॲसेटिक आम्ल होते, हे रसायनज्ञांनी पाहिले होते. आणि म्हणून शिरक्याच्या कारखान्यांतील पिंपांत भरलेल्या बीच लाकडाच्या ढलप्याही प्लॅटिनमसारखेच निर्जीव काम करीत असल्या पाहिजेत, असे लीबिगसारख्या थोर पंडिताचे ठाम मत होते. पाश्चरने १८६४ च्या सुमारास दाखवून दिले की काम करतो तो ढलप्यांवर वाढलेला सूक्ष्मजंतूंचा अतिशय पातळ थर, आणि तो थर नसला तर लाकूड केवळ लाकूडच राहते. पुढे बायरिंकने या कुलाला 'ॲसिटोबॅक्टर' असे नाव दिले आणि हा मामला निकालात निघाला, अशी सर्वांची समजूत झाली.

तथापि पाश्चरने 'कोण करतो' याचे उत्तर दिले होते. 'कसे करतो' हा प्रश्न तसाच उरला होता, आणि त्याची कथा सांगण्यासाठीच हा लेखप्रपंच आहे. मद्यार्काच्या रेणूतून हायड्रोजन काढून घेणे म्हणजे त्याचे ऑक्सिडीकरण. हे काम करणारी प्रथिने, म्हणजे एंझाइमे, एकटीने काही करू शकत नाहीत. काढलेला हायड्रोजन झेलण्यासाठी त्यांना एक सहकारी रेणू लागतो. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत असे सहकारी प्रामुख्याने दोन घराण्यांतले आढळले होते: एक निकोटिनामाइडचे, दुसरे फ्लेविनचे. माणसाच्या यकृतात मद्यार्काचा निचरा होतो तो पहिल्या घराण्याच्या साहाय्याने. जे यकृतात चालते तेच सूक्ष्मजंतूतही चालत असणार, असे गृहीत धरणे स्वाभाविक होते, आणि कोणी ते धरले तर त्याला दोष देता येणार नाही.

या गृहीतकास पहिला तडा गेला तो इंग्लंडातील रेडिंग विद्यापीठात. तेथे लिओनार्ड झॅटमन यांच्या मार्गदर्शनाखाली ख्रिस्तोफर अँथनी हा तरुण विद्यार्थी एका विलक्षण सूक्ष्मजंतूचा अभ्यास करीत होता. एम-२७ या क्रमांकाने ओळखला जाणारा हा जंतू मिथेनॉलवर, म्हणजे लाकडाच्या ऊर्ध्वपातनाने मिळणाऱ्या आणि माणसाला आंधळा करून सोडणाऱ्या मद्यार्कावर, खुशाल जगत असे. झॅटमन यांची आधीची कारकीर्द निकोटिनामाइडच्या सहकारी रेणूवरच गेलेली. तेव्हा मिथेनॉलचे ऑक्सिडीकरण करणारे एंझाइम हाती आले की त्याचा सहकारी तोच निघणार, यात शंका घेण्याचे कारण नव्हते. एंझाइम हाती आले, परंतु निकोटिनामाइडच्या रेणूला ते ओळखही देईना. एका कृत्रिम रंगद्रव्याकडे ते हायड्रोजन सोपवी. त्यासाठी द्रावण चांगले अल्कधर्मी असावे लागे, आणि त्यात अमोनियाही लागे. अशा अटी घालणारे एंझाइम तोपर्यंत कोणाच्या पाहण्यात नव्हते.

१९६४ मध्ये त्यांनी हे एंझाइम जगापुढे मांडले, आणि १९६७ मध्ये त्याच्या सहकारी रेणूविषयीचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. एंझाइमचे शुद्ध द्रावण उकळले की प्रथिनाचा सांगाडा ढासळतो आणि त्याच्या पोटात घट्ट धरलेला रेणू सुटून पाण्यात येतो. त्या पाण्यावर जंबुपार किरण टाकले असता ते हिरवट तेजाने उजळून निघे. निकोटिनामाइड असे हिरवे चमकत नाही, आणि फ्लेविनचे गुणधर्मही त्याच्याशी जुळेनात. टेरिडिन नावाच्या वर्गातला हा कोणी असावा, असा त्यांनी तर्क केला. तो तर्क पुढे चुकीचा ठरला, पण परीक्षानळीत दिसणारे हिरवे तेज खरे होते, आणि काहीतरी सर्वस्वी नवे आपल्यापुढे आहे हे त्यांनी निःसंदिग्धपणे लिहून ठेवले. त्याच १९६४ साली नॉर्वेचे येन्स हाउगे यांनी दुसऱ्याच एका सूक्ष्मजंतूतील, मद्यार्काऐवजी ग्लुकोज या साखरेचे ऑक्सिडीकरण करणाऱ्या एंझाइमात असाच अनोळखी सहकारी असल्याचे नोंदवले होते. त्यांना तो नॅफ्थोक्विनोनच्या जातीचा वाटला. मद्यार्क आणि साखर या दोन वाटांनी निघालेले दोघे एकाच बंद दारापाशी येऊन थांबले होते.

ते दार उघडण्यास आणखी बारा वर्षे लागली. १९७९ मध्ये सॅलिसबरी, फॉरेस्ट, क्रूझ आणि केंब्रिजच्या ओल्गा केनर्ड यांनी या रेणूचे स्फटिक मिळवून क्ष-किरणांनी त्याची रचना उलगडली: एकमेकांना चिकटलेली तीन वलये, त्यांवर तीन आम्लगट, आणि मधोमध क्विनोनचे दोन ऑक्सिजन अणू. त्यांनी त्याला 'मेथॉक्सॅटिन' म्हटले. पुढच्याच वर्षी हॉलंडमधील डेल्फ्ट येथे डुइने आणि फ्रँक यांनी त्याला 'पायरोलोक्विनोलिन क्विनोन' असे लांबलचक नाव दिले, आणि तेच रूढ झाले; आपण त्याला पीक्यूक्यू म्हणू. शिरक्याच्या जंतूला नाव देणारे बायरिंक याच डेल्फ्टमध्ये अध्यापक होते. शिरक्याच्या जंतूतील मद्यार्काचे एंझाइमही पीक्यूक्यूच्याच साहाय्याने चालते हे नंतर सिद्ध झाले, आणि पाश्चरच्या पापुद्र्याचे गूढ शंभराहून अधिक वर्षांनी त्याच गावातील प्रयोगशाळेच्या नोंदवहीत येऊन मिळाले.

नव्या शोधाचा उन्माद किती लवकर चढतो, याचा दाखला येथे नमूद केला पाहिजे. १९८४ च्या सुमारापासून काही वर्षे गुराढोरांच्या रक्तातील आणि इतर प्राण्यांच्या ऊतींतील अनेक एंझाइमांत पीक्यूक्यू असल्याचे दावे एकामागून एक प्रसिद्ध होत गेले. १९९० मध्ये ज्युडिथ क्लिनमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाईच्या रक्तद्रवातील एंझाइम नीट उलगडून पाहिले, तेव्हा तेथे पीक्यूक्यू नव्हतेच. प्रथिनाच्या स्वतःच्याच टायरोसीनचे रूपांतर होऊन बनलेला एक वेगळा क्विनोन होता. दावे मागे पडले. माझ्या मते या चुकीची लाज कोणी बाळगण्याचे कारण नाही, कारण तिच्यातूनच क्विनोनांचे एक नवे दालन उघडले. परंतु इतका काळ सारे एकाच दिशेने पाहत राहिले, हेही तितकेच खरे.

इतक्यात एक वेगळीच गोष्ट उघडकीस आली होती, आणि तिच्यामुळे हा मामला रसायनशास्त्राच्या दप्तरातून जनुकशास्त्राच्या दप्तरात वर्ग झाला. माणसाच्या आतड्यात राहणारा इश्चेरिचिया कोलाय हा सूक्ष्मजंतू ग्लुकोजचे ऑक्सिडीकरण करणाऱ्या एंझाइमचे प्रथिन नियमितपणे तयार करतो, पण त्याच्या हाताशी पीक्यूक्यू नसते. ते बनवण्याची जनुकेच त्याच्याकडे नाहीत. बाहेरून पीक्यूक्यू घातले की तेच निष्क्रिय प्रथिन तत्काळ कामाला लागते. हे १९८४ मध्ये दाखवले गेले. म्हणजे कुलूप घरोघर, किल्ली मात्र शेजाऱ्याकडे, असा हा प्रकार. ज्या सूक्ष्मजंतूंकडे किल्ली घडवण्याची कला आहे त्यांच्यातील जनुके १९८० नंतरच्या दशकात हाती आली, आणि त्यांत एक आश्चर्य होते: सुमारे दोन डझन अमिनो आम्लांची एक चिमुकली साखळी प्रथम तयार होते, तिच्यातील एक ग्लुटामिक आम्ल आणि एक टायरोसीन परस्परांस जोडले जातात, उरलेली साखळी कापून टाकली जाते, आणि जे राहते त्यातून पीक्यूक्यू घडते. आपल्या मुंबईत, तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रातही या रेणूचा अभ्यास झाला. किरणोत्साराला न जुमानणाऱ्या डायनोकॉकस या सूक्ष्मजंतूचे पीक्यूक्यूचे जनुक इश्चेरिचिया कोलायमध्ये घालून हा रेणू ऑक्सिजनच्या घातक रूपांपासून कोशिकेचा बचाव करतो, असे तेथील संशोधकांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केले.

मिथेनॉलच्या एंझाइमची जनुके शोधण्याचे काम ज्या सूक्ष्मजंतूवर झाले, त्याची जन्मकथा मोठी साधी आहे. १९६१ मध्ये ऑक्सफर्डला पील आणि क्वेल यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. मिथिलअमाइन घातलेल्या माध्यमावर तो हवेतून आगंतुकासारखा येऊन पडला आणि वाढला, म्हणून त्याला एएम-१ म्हटले. त्याच्या वसाहती गुलाबी रंगाच्या असतात. खनिज तेलाच्या उद्योगाला तेव्हा मिथेनॉलवर सूक्ष्मजंतू वाढवून गुरांसाठी प्रथिने पिकवण्याची स्वप्ने पडत होती. इंग्लंडात बिलिंगहॅम येथे तर दीड हजार घनमीटरचे पात्र त्यासाठी उभे राहिले, आणि सोयाबीनच्या भावापुढे टिकाव न लागून बंदही पडले. ते स्वप्न मोडले, पण त्या ओघात एएम-१ प्रयोगशाळांतून स्थिरावला. १९८६ मध्ये अमेरिकेत नन आणि मेरी लिडस्ट्रॉम यांनी मिथेनॉल न पचवू शकणारे त्याचे उत्परिवर्तित प्रकार गोळा करून त्यांची दहा गटांत विभागणी केली. एका एंझाइमासाठी दहा! एंझाइमचे प्रथिन घडवणे एवढेच काम असते, तर इतकी जनुके लागलीच नसती. काही त्याला घडी घालतात, काही त्याच्यात कॅल्शियमचा अणू बसवतात, काही इलेक्ट्रॉन पुढे नेणारे सायटोक्रोम तयार करतात. आणि काहींचे काम केवळ हुकूम देण्याचे.

या हुकूम देणाऱ्यांची व्यवस्था १९९७-९८ पर्यंत स्पष्ट झाली. तीत पाच जनुके आहेत: दोन जोड्या आणि एक एकटे. प्रत्येक जोडीत एक प्रथिन चौकीदारासारखे परिस्थितीचा अंदाज घेते आणि फॉस्फेटची खूण करून तो दुसऱ्याच्या हवाली करते. दुसरे डीएनएशी जाऊन एंझाइमच्या जनुकांना चालना देते. पहिल्या जोडीच्या परवानगीवाचून दुसरी जोडीच तयार होत नाही, आणि दुसरीच्या परवानगीवाचून एंझाइम तयार होत नाही. जुन्या कचेरीत एका अर्जावर दोन-तीन दस्तक पडल्याशिवाय खजिन्यातून पै सुटत नसे, तशीच ही रचना. इतका बंदोबस्त कशासाठी, याचे कारणही उघड आहे: मिथेनॉलमधून हायड्रोजन काढला की फॉर्माल्डिहाइड उरते, जे आपण शवे टिकवण्यासाठी वापरतो, ते वाजवीपेक्षा जास्त झाले तर कोशिकेचा अंत ठरलेला.

या सुव्यवस्थित कारभारात एकच नोंद जमेना. एएम-१ च्या डीएनएमध्ये मिथेनॉलच्या एंझाइमशी बरेच साम्य असलेले आणखी एक जनुक सापडले होते. 'झॉक्स-एफ' हे त्याचे नाव. लिडस्ट्रॉम आणि ल्युडमिला चिस्तोसेर्दोवा यांनी १९९७ मध्ये ते उत्परिवर्तनाने बाद करून पाहिले, तर जंतूच्या मिथेनॉलवरच्या वाढीत काही फरक पडला नाही. पुढे जसजसे अधिकाधिक सूक्ष्मजंतूंचे जनुकसंच वाचले जाऊ लागले, तसतसे हे जनुक जागोजागी भेटू लागले. काहींत तर ज्ञात एंझाइमचे जनुक नसून फक्त हेच होते. जिथे तिथे हजर, पण काम काय ते कळत नाही; बोलावले तरी न बोलणारे हे मुके जनुक होते. २०११ मध्ये गुंता अधिकच वाढला: एलिझाबेथ स्कोव्ह्रान आणि सहकाऱ्यांनी झॉक्स-एफची दोन्ही रूपे एकदम काढून टाकली, तेव्हा जंतू मिथेनॉलवर वाढेनाच, कारण नेहमीच्या एंझाइमची जनुकेच सुरू होईनात. स्वतः काही न करणारा, पण ज्याच्या गैरहजेरीत दुसऱ्याचे काम थांबते, असा हा कोण?

उत्तर आले ते चिखलातून. नेपल्सजवळ पोत्सुओली येथे सोल्फातारा नावाचे ज्वालामुखीचे मुख आहे. तेथे जमिनीतून गंधकाच्या वाफा निघतात आणि राखाडी चिखलाची डबकी सतत खदखदत असतात. त्या चिखलातून हॉलंडच्या नायमेखेन येथील आर्यान पोल, हुब ऑप डेन कांप आणि माइक येटन यांच्या गटाने २००७ मध्ये मिथेन खाणारा एक सूक्ष्मजंतू मिळवला होता. पुढे त्याचे 'मिथिलॲसिडिफायलम फ्युमेरिओलिकम' असे नामकरण झाले. पंचावन्न अंशांची उष्णता त्याला मानवते, आणि आम्लता सामू एकच्याही खाली गेली तरी तो जगतो. असा काटक जीव प्रयोगशाळेत मात्र कमालीचा हट्टी निघाला. माहीत असलेली सारी खनिजे, सारे सूक्ष्मघटक मोजूनमापून दिले, तरी त्याची वाढ होईना. त्या डबक्यातले थोडे पाणी माध्यमात घातले की मात्र तो वाढे. इटलीहून आणलेले ते पाणी जपून वापरावे लागे. एकेका ज्ञात मूलद्रव्याने त्या पाण्याची जागा घेते का ते पाहिले गेले, आणि प्रत्येक वेळी नकार मिळाला. या जंतूच्या जनुकसंचात मिथेनॉलच्या परिचित एंझाइमचे जनुक नव्हते. होते ते फक्त झॉक्स-एफ.

शेवटी पाण्याचे कसून पृथक्करण झाले आणि त्यात लँथॅनम, सिरियम, प्रॅसिओडिमियम आणि निओडिमियम ही मूलद्रव्ये सापडली. माध्यमात ती चिमूटभराहून कितीतरी कमी टाकली, आणि इटलीच्या पाण्याची गरज संपली. जंतू वाढू लागला.

ही मूलद्रव्ये रसायनशास्त्रात 'विरल मृत्तिका' या नावाने ओळखली जातात, आणि तो शब्द दिशाभूल करणारा आहे, कारण सिरियम भूकवचात साधारण तांब्याइतकाच आहे. त्रावणकोरच्या किनाऱ्यावरील मोनाझाइट वाळूत ती आहेत. गॅसबत्तीच्या जाळीत थोरियमबरोबर थोडा सिरियम असे. सिगारेट पेटवण्याच्या लायटरमध्ये चाक घासताच ठिणगी पाडणारा बारीकसा खडा लोखंड, सिरियम आणि लँथॅनम यांच्या मिश्रणाचाच असतो. त्यांचे क्षार पाण्यात सहजी विरघळत नाहीत, म्हणून सजीवांच्या उपयोगाचे ते नाहीत, असा जीवरसायनाच्या पुस्तकांचा निर्वाळा होता, आणि त्याची उलटतपासणी करण्याची गरज कोणास भासली नाही. लँथॅनम शोधून काढणाऱ्या मोसांडर याने १८३९ मध्ये त्याला हे नाव दिले ते 'दडून राहणे' या अर्थाच्या ग्रीक धातूवरून. तो सिरियमच्या खनिजात लपून बसलेला होता म्हणून. आणखी पावणेदोनशे वर्षे तो सजीवांच्या कोशिकेतही असाच दडून राहिला.

न्याय करायचा तर येथे जपानमधील गिफू विद्यापीठाचे नाव पोत्सुओलीच्या आधी घ्यावयास हवे. तेथे २०११ मध्ये कावाई यांच्या गटाने मिथेनॉलवर वाढणाऱ्या एका सूक्ष्मजंतूला लँथॅनम दिल्यावर झॉक्स-एफ प्रथिन सक्रिय होते असे प्रसिद्ध केले, आणि २०१२ मध्ये नाकागावा यांनी तेच खुद्द एएम-१ मध्ये दाखवले. चिखलातल्या जंतूची हकिकत २०१४ साली छापून आली आणि तिच्याबरोबर झॉक्स-एफच्या स्फटिकाचे चित्रही. त्या चित्रात पीक्यूक्यूच्या शेजारी, कॅल्शियमच्या जागी, सिरियम बसलेला होता. कॅल्शियमपेक्षा अधिक विद्युत्भार असलेल्या त्या अणूला धरून ठेवण्यासाठी एंझाइममध्ये एक जादा ॲस्पार्टिक आम्ल पुढे आलेले होते.

आता जुन्या नोंदींचा अर्थ लागला. १९९७ मध्ये झॉक्स-एफ काढून टाकल्यावर फरक पडला नाही, कारण माध्यमात लँथॅनम नव्हते, आणि लँथॅनमवाचून ते एंझाइम काम करीतच नव्हते. निष्कर्ष प्रयोगाला धरूनच होता. उणीव होती ती ताटात, आणि ताट वाढणाऱ्यांना तिची कल्पना असणे शक्य नव्हते. हुकुमांची व्यवस्थाही उलगडली. लिटरभर पाण्यात मिलिग्रॅमचा सुमारे शंभरावा हिस्सा लँथॅनम असला, तरी एएम-१ कॅल्शियमच्या एंझाइमची जनुके बंद करतो आणि झॉक्स-एफ सुरू करतो. लँथॅनम संपले की उलट होते. या अदलाबदलीत दोन चौकीदार जोड्यांपैकी दुसरीच दोन्ही बाजू सांभाळते: लँथॅनम नसताना ती एका एंझाइमला चालना देते आणि दुसऱ्याला दाबून ठेवते. आणि २०११ चे ते कोडे, म्हणजे निकामी झॉक्स-एफवाचून दुसऱ्या एंझाइमची जनुके सुरू न होणे, त्याचे स्पष्टीकरण असे दिले जाते की धातू न मिळालेले रिकामे झॉक्स-एफ स्वतःच 'लँथॅनम नाही' अशी वर्दी देत असावे. २०१७ मध्ये स्टुटगार्ट येथे स्यूडोमोनस पुटिडा या मातीतल्या जंतूत हाच प्रकार मद्यार्काच्या, म्हणजे दारूतल्याच मद्यार्काच्या, बाबतीत दिसून आला: एक एंझाइम कॅल्शियमवर चालणारे, दुसरे लँथॅनमवर, आणि कोणते बनवायचे याचा निवाडा पुन्हा त्याच धातूच्या हजेरीवर.

रेडिंगच्या परीक्षानळीत जे एंझाइम अँथनींनी हिरवे चमकताना पाहिले, ते कॅल्शियमवर चालणारे होते, आणि पाठ्यपुस्तकांनी त्यालाच नमुना मानले. आज जनुकसंच मोजून पाहता, निसर्गात झॉक्स-एफचीच घराणी संख्येने अधिक आणि अधिक विविध आढळतात. अँथनी आणि झॅटमन यांच्या कामाला यामुळे यत्किंचितही उणेपणा येत नाही, असे मी मानतो. त्यांनी जे पाहिले ते अचूक लिहिले, आणि म्हणूनच पुढच्यांना कोणत्या नोंदीत काय नव्हते हे ओळखता आले.

१९६१ मध्ये ऑक्सफर्डच्या हवेतून माध्यमावर येऊन पडलेल्या त्याच एएम-१ च्या कोशिकेत, २०१८ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात जोसेफ कोट्रुवो आणि सहकाऱ्यांना एक लहानसे प्रथिन मिळाले. लँथॅनमच्या घराण्यातील धातू ते कॅल्शियमपेक्षा सुमारे दहा कोटी पट घट्ट धरते, आणि खनिजे व टाकाऊ वस्तूंमधून हे धातू वेगळे काढण्यासाठी त्याचा उपयोग करण्याचे प्रयत्न सुरू झाले आहेत. त्याचे नाव लॅनमॉड्युलिन.